सर्व्हर राहू दे, आधी पहिला फोटो

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची पेढी. दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सची जाहिरात संध्याकाळी सुरू व्हायची होती आणि शेठांनी सकाळी बोलावून सांगितलं, "साइट लई जड चालतीया. पण पैसे एका दिवसाच्या कामाचेच हायत बघा." त्यांच्या मुलाला लाइटहाउसमध्ये, म्हणजे साइटला गुण देणाऱ्या गुगलच्या चाचणीत, १०० गुण हवे होते. होस्टिंगवाल्याचा मोठा सर्व्हर घ्या म्हणून आग्रह चालूच होता.

आधी वॉटरफॉल उघडला, म्हणजे पानातली कुठली फाइल कधी मागवली, कधी आली याचा तक्ता. सर्व्हरचं पहिलं उत्तर पाव सेकंदाच्या आत येत होतं. म्हणजे मोठा सर्व्हर घेऊन काही फरक पडणार नव्हता. तो खर्च तिथंच खोडला.

मग दिवाणजींचा जुना अँड्रॉइड मागून घेतला. माझ्या लॅपटॉपवर काय, सगळ्याच साइट्स पळतात. वरचा पिवळा पट्टा आला, कोपऱ्यात चॅटचा गोळा नाचायला लागला, पण बेदाण्याच्या फोटोची जागा पांढरीच. दिवाणजी शांतपणे म्हणाले, "नऊ मोजून झालं की येतंय." गुगलच्या मापानं पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, तोही किमान ७५ टक्के भेटींमध्ये.

पानावर वरच स्लायडर, म्हणजे एकामागून एक सरकणारे फोटो, होता, त्यात कॅमेऱ्यातून निघाले तसेच टाकलेले अवजड फोटो. पहिला फोटो जावास्क्रिप्ट चालल्यावर पानात यायचा, त्यामुळे ब्राउझरला तो आहे हेच उशिरा कळायचं. भरीला थीमनं, म्हणजे साइटच्या तयार साच्यानं, सरसकट लेझी लोडिंग लावलेलं: फोटो नजरेच्या टप्प्यात आला की मगच मागवायचा. खालच्या फोटोंना ते ठीक. पहिल्याला लावणं म्हणजे नवरदेवालाच पंगतीत शेवटी बसवणं. आणि नेट बारीक असलं की रांगेतला नंबर फार महत्त्वाचा ठरतो.

स्लायडर काढायचा म्हटल्यावर मुलगा अडला. "ताई, साइट ओकीबोकी दिसंल." स्लायडरचा दुसरा फोटो मुद्दाम थांबून बघणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय, पण ते बोलले नाही. दिवाणजींचा फोन त्याच्या हातात दिला आणि मोज म्हटलं. सातपर्यंत मोजून त्यानं फोन परत केला.

एकच फोटो ठेवला, थेट एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, आणि ब्राउझरनं तो आधी मागवावा म्हणून फेचप्रायॉरिटी 'हाय' करून. फोनच्या रुंदीचा करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये ठेवला, रुंदी-उंची लिहिली, म्हणजे मजकूर उड्या मारणार नाही. नंतर फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल तशीच जड, त्यात डिझाइनरनं एकाच फॉन्टची पाच वजनं, म्हणजे जाड-बारीक रूपं, घेतलेली. दोन ठेवली. चॅटचा गोळा काढून साधी व्हॉट्सॲपची लिंक दिली; उत्तरं तरी तिथंच देतात.

बिनवापराच्या सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडला, हात लावला नाही. त्यातून कदाचित गुण थोडे वाढले असते, फोटो तेवढ्यानं फारसा लवकर आला नसता.

दुपारी दिवाणजींनी तीन मोजायच्या आत फोटो आला. गुण मात्र ७१. मुलगा म्हणाला, "एवढेच?" त्याला सांगितलं, गुण ही एका चाचणीची गोष्ट, क्रोमकडे खऱ्या भेटींचे आकडे २८ दिवसांचे असतात, ते पाहून बोलू. उरलेल्या कामांची खर्चासकट यादी शेठांपुढे ठेवली. त्यांनी पेन काढून दरपत्रकाचं पान तेवढं ठेवलं, बाकी सगळं खोडलं. "ह्ये पाडव्यानंतर," म्हणाले, आणि चहा सांगितला.