सव्वातीनची फेरी

जानेवारीतली रात्र. बाहेर नाशिक गारठलेलं आणि आमच्या खोलीत हीटर चालू. पेशंट निफाडकडच्या मावशी, पन्नाशीच्या, घरची द्राक्षबाग. कॅन्सरमुळे डावा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये ओटीपोटाची कातडी-चरबी घेऊन नवा घडवला. याला डीप (DIEP) फ्लॅप म्हणतात; फ्लॅप म्हणजे असा उचलून दुसरीकडे लावलेला तुकडा. यात पोटाचा स्नायू जागेवरच ठेवतात. त्यातून वर येणाऱ्या बारीक वाहिन्या तेवढ्या सोडवून छातीतल्या, बरगडीमागच्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. जाडी 2-3 मिलिमीटर, टाक्याचा धागा केसाहून बारीक. सरांचा अख्खा दिवस त्यात गेला. पुढचं काम माझं : दर तासाला रंग, ऊब, डॉपलर यंत्रातून येणारा वाहत्या रक्ताचा आवाज आणि बोटाने दाबून सोडल्यावर लाली किती वेळात परतते ते बघायचं.

गारठ्याने वाहिन्या आकसतात, म्हणून हीटर. मावशींना हे समजवावं लागलं नाही. "आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, तसंच ना? आणि हे तर कलमच. डॉगरीज वेलाच्या खुंटावर द्राक्षाची काडी बांधतो तसं. लागलं का नाही, ते पंधरा दिवसांनी कळतं."

आपल्याकडे पंधरा दिवस नसतात, हे मी बोलले नाही.

सव्वातीनला टॉर्च मारला. रंग जरा जांभळट. डॉपलर मात्र झकास चालू. नवी सिस्टर इथेच फसते. तो आवाज रक्त आणणाऱ्या धमनीचा असतो. मी दाबून बोट उचललं, तर पापणी लवायच्या आत लाली परत. म्हणजे रक्त येतंय, जात नाहीये. शीर तुंबली.

आधीच्या नोकरीत असाच रंग बघून मी 'सकाळी राउंडला सांगू' म्हणून थांबले होते. तो फ्लॅप गेला.

"सर, फ्लॅपची शीर तुंबलीये."

"नक्की?"

"तुम्ही या आधी."

सर आले ते स्वेटर उलटा घालून. मुलगा बाहेर फोनवर बागेतल्या गड्याला शेकोट्या वाढवायला सांगत होता. तसाच फोन कानाला ठेवून त्याने सही केली. चारला मावशी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये. शिरेच्या जोडात गुठळी होती. ती काढून जोड नव्याने केला.

सातला माझी ड्युटी संपली, तरी मी थांबले. मावशी परत आल्यावर दाबून पाहिलं. एक... दोन... मग लाली. रंगही गुलाबी.

मावशींनी अर्धवट डोळे उघडले. "पोराला विचार गं, रात्री पारा किती उतरला?"