टाइमआउट झाला, पण क्वेरी थांबली का?

हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीच्या मार्केट यार्डात संध्याकाळी पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदांची, घाई उडते. आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, तेव्हाच दमतो. शेतकरी ताटकळलेला, दिवाणजी रिपोर्टचं बटण दाबतात, ३० सेकंदांनी 'टाइमआउट' येतं, ते परत दाबतात.

ॲप्लिकेशननं नाद सोडला म्हणून डेटाबेस क्वेरी, म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न, सोडत नाही. नव्या पोरांना मी आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, म्हणजे चालू कनेक्शनांची आणि क्वेरींची यादी, उघडून दाखवतो: रिपोर्टची तीच बेरीज एकाखाली एक 'ॲक्टिव्ह', मागणारा केव्हाच गेलेला. सर्व्हरला ते बहुधा उत्तर पाठवायला गेल्यावरच कळतं. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत मागणारा अजून जोडलेला आहे का हे मधूनमधून तपासणारं क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटर्व्हल आलं, पण तेही मुळात बंद असतं. म्हणून मुदत डेटाबेसलाच द्या. रिपोर्टच्या युजरला स्टेटमेंट_टाइमआउट, म्हणजे एका क्वेरीची कमाल मुदत, लावा, ॲप्लिकेशनच्या मुदतीहून थोडं कमी. सरसकट सगळ्या सर्व्हरला लावू नका, नाहीतर रात्री बांधायला घेतलेला इंडेक्स (ओळी लवकर शोधायची सूची) मध्येच तुटतो.

मुदत संपली तरी क्वेरी जागच्या जागी मरत नाही. सुरक्षित टप्प्यावर आली की थांबते, रोलबॅक होतो (अर्धवट बदल रद्द होतात), लॉक (ओळी-टेबलांवर धरलेला ताबा) सुटतात, सॉर्टसाठी डिस्कवर काढलेल्या टेम्पररी फाइली पुसल्या जातात. अर्धवट अपडेटनं लिहिलेल्या ओळी मात्र टेबलात पडून राहतात. कुणाला दिसत नाहीत, पण जागा खातात. त्या व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा सफाईवाला, झाडतो. आणि बेवारस क्वेरी तशीच चालू राहिली, तर ती सुरू झाल्यानंतर इतरांनी बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रतीही व्हॅक्यूमला काढता येत नाहीत. टेबल फुगतं ते असं, आणि मग पुढचा रिपोर्ट आणखी हळू.

हातानं थांबवायची वेळ आली तर आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड (फक्त क्वेरी थांबवतं), नाही ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड (कनेक्शनच तोडतं). हात जोडून सांगतो, प्रोसेस जबरदस्तीनं मारणारं किल -९ नको. एक प्रोसेस तशी मेली की सगळ्यांच्या सामायिक मेमरीवर भरवसा उरत नाही, म्हणून पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, सगळ्यांचीच कनेक्शनं तोडून रिकव्हरीला लागतो. काट्यावरचा माणूसही बाहेर, काउंटरवरचाही.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट जपावी. त्याचं साठवणुकीचं इंजिन इनोडीबी लॉकची वाट मुळात ५० सेकंद बघतं आणि मग फक्त तेवढं स्टेटमेंट मागे घेतं. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडायचे सगळे बदल, उघडंच राहतं, आधी घेतलेल्या लॉकसकट. नुसता एरर दाखवून बाहेर पडू नका, रोलबॅक तिथे आपल्यालाच लिहावा लागतो.