सात ट्रकचे वायपर

जानेवारीतली सकाळ. बाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या पडद्यावर अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या आय-80 हमरस्त्यावर, एल्क माउंटनजवळ, सात ट्रकचे वायपर चालू. हवामानाचं रडार कोरं. आम्ही गाड्यांमधून येणाऱ्या माहितीवरून रस्त्यावरच्या हवामानाचा नकाशा काढतो.

याची मला सवय होती. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीचं खारट पाणी काचेवर उडतं, मागचा ड्रायव्हर ते वायपरने पुसतो, आणि आमच्या नकाशावर पाऊस पडतो! असले खोटे पाऊस गाळायला मीच नियम लिहिला होता: रडारवर काही नसेल तर वायपरचं ऐकायचं नाही. नियमाने चोख काम केलं. नकाशावर रस्त्याचा तो पट्टा हिरवा, म्हणजे ठीकठाक.

वायपर, बाहेरचं तापमान, ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल ही माहिती गाडीच्या पोटात तशीही फिरत असते. आम्ही ती जागा-वेळेसकट उचलतो, कारण रस्त्याकडेच्या दोन हवामान केंद्रांमध्ये मैलोन्‌मैल कुणीच बघणारं नसतं. 2015 साली अमेरिकेच्या परिवहन खात्याने कनेक्टेड, म्हणजे एकमेकींना आणि रस्त्यावरच्या यंत्रणेला माहिती पाठवणाऱ्या गाड्यांच्या प्रयोगासाठी तीन ठिकाणं निवडली, त्यात वायोमिंगमधला हा 402 मैलांचा रस्ता होता. आमचं काम त्याच जातीचं, पण फार लहान.

अकराच्या सुमारास बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. एका एक्झिटवर थांबला होता.

"नकाशा हिरवा आहे तुमचा. मला माझ्याच गाडीचं पातं दिसत नाहीये."

तिकडे याला 'ग्राउंड ब्लिझर्ड' म्हणतात. आभाळातून काही पडत नाही. आधी पडलेला भुसभुशीत बर्फच वारा जमिनीलगत उधळतो. शेकडो किलोमीटर पाहणाऱ्या रडारचा झोत तिथवर पोचेतो फार उंच गेलेला असतो, त्याला खालचं दिसणार कसं? उन्हाळ्यात सोलापूरकडच्या धुळीत मोटरसायकल चालवलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

मग कच्च्या नोंदी उघडल्या. सातही ट्रक ताशी सत्तर मैलांवरून तिशीत आलेले. बाहेरचं तापमान उणे 14 सेल्सियस. साधं मीठ उणे 9 च्या खाली फारसा बर्फ वितळवत नाही, हे मला पाठ होतं. म्हणजे काचेवर उडायला खारट पाणी आणायचं कुठून? उत्तर त्याच ओळीत, वायपरच्या शेजारच्या रकान्यात होतं. मी तो रकाना वाचलाच नव्हता.

नियम बंद केला, पट्टा हाताने लाल केला आणि त्याला फोन लावला.

"हो, झाला लाल," तो म्हणाला. "पातं अजून दिसत नाही."