तीन मिली रक्त आणि धुक्यातला शुक्रवार

जुलै 2019, शुक्रवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमधलं वानाका, गाडीच्या काचेवर बर्फाचा थर, आणि मी डोपिंग तपासणीसाठी रक्त घ्यायला एका लांब पल्ल्याच्या रनरची बेल वाजवतेय. त्याने आपल्या रोजच्या ठावठिकाण्याच्या नोंदीत सहा ते सातचा तास दिला होता, तेवढ्या वेळात तो तिथे सापडायलाच हवा. त्याने दार उघडलं, केस विस्कटलेले, माझ्याकडे बघितलं आणि हॅलो म्हणायच्या आधी म्हणाला, "आधी रक्त न्यायचा बॉक्स उघडून दाखव."

त्याचं बरोबरच होतं. मार्चमध्ये त्याचं रक्त आम्ही घेतलं होतं आणि ते वाया गेलं होतं. बॉक्स थंड ठेवणारा जेल पॅक फ्रीझरमधून काढून थेट ट्यूबला चिकटवून ठेवला गेला, वाटेत अति थंडीने रक्त गोठलं, पेशी फुटल्या, लॅबने सॅम्पल नाकारलं. पॅकिंग मी केलं नव्हतं, पण ज्या मुलीने केलं तिला ट्रेनिंग मी दिलं होतं, म्हणून ती चूक मी माझीच धरते. आणि ते सॅम्पल साधं नव्हतं, कारण त्यानंतर तो अमेरिकेत फ्लॅगस्टाफला गेला, 2,100 मीटर उंचीवर, पाच आठवडे. म्हणजे उंचीवर जाण्याआधीचा जो ठिपका त्याच्या ग्राफवर हवा होता तोच गायब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही रक्तात थेट औषध शोधत नाही, खेळाडूच्या रक्ताचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवतो. याला बायोलॉजिकल पासपोर्ट म्हणतात, सायकलिंगमध्ये 2008 ला सुरू झाला आणि वाडाने म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने 2009 च्या डिसेंबरमध्ये त्याचे नियम आणले. मुख्य आकडे दोन, हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्यायचं आणि त्यातून रेटिक्सच्या टक्क्यांचं वर्गमूळ गुणिले 60 वजा करायचं, की ऑफ-स्कोअर येतो. समजा हिमोग्लोबिन 150 आणि रेटिक्स 1 टक्का, तर स्कोअर 90. तेच रेटिक्स 0.4 वर आले तर स्कोअर जवळजवळ 112. ईपीओ म्हणजे लाल पेशी वाढवणारं औषध घेऊन थांबवलेल्या माणसाचं रक्त असंच दिसतं, लाल पेशी भरपूर पण नवीन बनणं मंदावलेलं. आणि गंमत नाही, खरंच अडचण अशी की उंचीवरून नुकत्याच खाली आलेल्या सरळमार्गी माणसाचं रक्तही त्याच दिशेला झुकतं! म्हणून फॉर्मवर गेल्या दोन आठवड्यांत कुठे, किती उंचीवर होतात हे विचारतो. तो नऊ दिवसांपूर्वी परत आला होता, सगळं नीट लिहून दिलं.

मग खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, दहा मिनिटं हलायचं नाही. लोकांना ही औपचारिकता वाटते पण उभं राहिल्यावर रक्तातलं पाणी शिरांबाहेर सरकतं आणि हिमोग्लोबिन उगाच जास्त दिसतं, त्यामुळे ही दहा मिनिटं मी घड्याळ लावून पाळते. किट त्याने स्वतः निवडलं, सीलचे नंबर मोठ्याने वाचले. 6:52 ला तीन मिलीची ट्यूब भरली, मी ती हळूच तीनदा उलटीसुलटी केली. पॅकच्या आणि ट्यूबच्या मधे कापडाचा थर घातला, त्याने हात घालून चाचपून बघितलं, तापमानाची नोंद ठेवणारा टेम्परेचर लॉगर मी चालू केला आणि झाकण लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. क्वीन्सटाउनच्या विमानतळावर धुकं, ऑकलंडची फ्लाइट कॅन्सल, पुढच्यांचाही भरवसा नाही. आणि वाडाची मान्यता असलेली रक्ताची लॅब ऑकलंडला.

मी त्याच्याच किचनमध्ये उभ्या उभ्या गणित केलं. रक्त किती टिकलं त्याचा एक स्कोअर असतो, सरासरी तापमान गुणिले तीन अधिक रक्त काढल्यापासून मशीनवर लागेपर्यंतचे तास, आणि बेरीज 85 च्या आत हवी. वीकेंडला लॅबमध्ये आमच्या मशीनवर कुणी नसायचं, म्हणजे आज पोचलं नाही तर सोमवार सकाळी नऊ, 74 तास. बॉक्स चार डिग्रीवर राहिला तरी 12 अधिक 74, 86 झाले. एका आकड्याने गेलं. तीन डिग्रीवर ठेवलं तर बसतं, पण तीनवर ठेवायला गेलं की गोठायची भीती, आणि या माणसाचं रक्त मी दुसऱ्यांदा गोठवणार नव्हते.

तो काहीच बोलला नाही, फक्त बॉक्सकडे बघत होता. मी म्हटलं, डनीडिनहून संध्याकाळची फ्लाइट आहे, मी गाडीने जाते.

पावणेतीनशे किलोमीटर. क्रॉमवेल, अलेक्झांड्रा, रॉक्सबर्ग. अलेक्झांड्राच्या आसपास तर झाडांच्या काड्याकाड्यांवर पांढरा बर्फ आणि रस्त्यावर तो न दिसणारा बर्फ, चाळीसच्या वर गाडी नेताच येत नव्हती. हीटर मी बंद ठेवला होता, बॉक्स बाजूच्या सीटवर बेल्ट लावून. बोटं बधिर झाली. मिरजेला डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करताना आमचे सर म्हणायचे की पेशंट दिसत नसला तरी ट्यूबमध्ये तोच आहे असं समजून हात लावा, ते त्या रस्त्यावर सारखं आठवत होतं.

छोट्या देशात हे काम करणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. त्या रनरच्या फिजिओचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वर्गात. मी कुठल्या गावात उतरले हे मोटेलवाल्यापासून सगळ्यांना दुपारपर्यंत कळतं, त्यामुळे अचानक जाणं हेच अर्धं काम. माणसं मोजकी, पैसे मोजके, वर्षात एका खेळाडूचे ठिपके किती तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. सॉफ्टवेअर प्रत्येकाची मर्यादा त्याच्याच जुन्या ठिपक्यांवरून ठरवतं, जितके ठिपके जास्त तितकी रेषा नेमकी. पुढे काही वेगळं दिसलं तर तीन तज्ज्ञ नाव न बघता फक्त तो ग्राफ वाचतात. चोर पकडायला ठिपके लागतात हे सगळ्यांना पटतं, पण जो स्वच्छ आहे त्याच्याकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला दुसरं आहे काय? मार्चचा ठिपका आम्ही घालवला तेव्हा त्याचा पुरावा घालवला, असं मला अजून वाटतं.

डनीडिनला कार्गोत बॉक्स दिला, त्याच विमानात मी बसले. लॅबमधल्या बाईंना दुपारीच फोन केला होता, त्यांनी नवऱ्याला मुलं सांभाळायला सांगून थांबायचं कबूल केलं. आठ वाजून गेल्यावर मी बॉक्स हातात दिला. त्यांनी ट्यूब उजेडात धरली, गुठळी नाही, वरच्या थराला लालसर छटा नाही, आणि रोलरवर पंधरा मिनिटं फिरायला ठेवली. 8:50 ला मशीनवर. लॉगरची सरासरी 5.2, वेळ चौदा तास. स्कोअर 29.6. मी तिथल्या स्टुलावर बसून घेतलं, सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता.

काही आठवड्यांनी पासपोर्टचा निकाल आला, नॉर्मल. रेटिक्स थोडे खाली होते, पण फॉर्मवरच्या फ्लॅगस्टाफच्या नोंदीशी सगळं जुळत होतं.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा त्याच्याकडे गेले. त्याने दार उघडलं, खुर्ची ओढून बसला, पाय जमिनीवर टेकवले. या वेळी बॉक्स दाखव म्हणाला नाही. मी तरी उघडून दाखवला.