बाबांच्या वहीतलं व्हिएतनाम

सहलीला निघताना बाबांनी दोनशे पानी वही घेतली. सांगलीत एका सहकारी बँकेत तीस वर्षं कॅशियर म्हणून काढलेल्या माणसाला हिशेबासाठी मोबाइल पटत नाही. डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर ‘बुडीत’. नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा उजव्या पानाची बेरीज सहा हजार दीडशे रुपये होती. चौघांत मिळून. हनोई, हा लाँग, होई आन, हो ची मिन्ह सिटी एवढा पल्ला मारून एवढंच गेलं म्हणजे फार काही गेलं नाही. पण त्यातला एक रुपयाही चोरानं नेलेला नव्हता, सगळे आम्ही हातानं दिले होते. म्हणून त्या उजव्या पानाच्या क्रमानेच लिहिते.

पहिली नोंद घराबाहेर पडण्याआधीची. नवऱ्यानं रात्री अकरा वाजता ‘व्हिएतनाम व्हिसा’ असं शोधलं, जी पहिली साइट आली ती उघडली आणि स्वतःचा अर्ज भरून ६५ डॉलर मोजले. साइटवर झेंडा होता, शिक्का होता, सगळं होतं. सरकारी ई-व्हिसा एकदा प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो, अनेकदा प्रवेशाचा ५० ला. वरचे ४० डॉलर त्या मधल्या माणसाचे. उरलेले तीन अर्ज मी सरकारी साइटवर भरले. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आहे ना, एवढंच बघायचं. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही, त्यामुळे घाई नको. कागदावर कामाचे तीन दिवस लिहिलेले असतात, आम्हाला आठ लागले.

आपल्या लोकांची खास अडचण नावाची. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. आईच्या अर्जात मी सवयीनं फक्त तिचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं, बाबांनी वाचताना पकडलं. नाव जुळलं नाही तर मुंबईच्या काउंटरवरच विमानात चढू देत नाहीत. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांची जी दोन ओळींची पट्टी असते ती समोर ठेवून अक्षर अन् अक्षर उतरवा. विमानतळ कोणता, तारीख कोणती, हेही.

दुसरी नोंद ही या वहीची नायिका.

व्हिएतनामचा डोंग म्हणजे शून्यांची जत्रा. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडत होते. हिशेब सोपा करायचा तर शेवटची तीन शून्यं झाका, उरलेल्याला तीननं गुणा आणि वर थोडं धरा. एक लाख डोंग म्हणजे तीनशे तीस रुपये. लाख-कोटीत विचार करणाऱ्या आपल्याला हे आकडे तसे जड जात नाहीत. घात होतो तो रंगांमुळे. दहा हजारापासून वरच्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचा चेहरा, आणि वीस हजाराची निळी, पाच लाखाचीही निळीच. दिवसा शेजारी ठेवल्या तर फरक कळतो. रात्री पिवळ्या दिव्याखाली, थकलेल्या डोळ्यांना, नाही.

हनोईत पहिल्याच संध्याकाळी होआन किएम तळ्याकाठी आम्ही दोन शहाळी घेतली. चाळीस हजार झाले. बाबांनी दोन निळ्या नोटा दिल्या, बाईंनी हसून घेतल्या. हॉटेलवर येऊन बाबांनी रोकड मोजली, पुन्हा मोजली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. एक पाच लाखाची गेली होती. सोळाशे रुपयांचा फरक. “तीस वर्षांत एकदा कमी पडली नाही रे कॅश,” असं नवऱ्याला म्हणाले आणि न जेवता झोपले.

सकाळी उठले ते उपाय घेऊनच. लाखाच्या खालच्या नोटा त्यांच्या खिशात, लाख आणि त्यावरच्या आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. मोठी नोट हवी असेल तर आईकडे मागायची, म्हणजे दोन डोळ्यांऐवजी चार. आणि नोट देताना आकडा मोठ्यानं म्हणायचा, मराठीत म्हटला तरी चालतो. आपण मोजतोय हे समोरच्याला कळणं महत्त्वाचं. पुढच्या आठ दिवसांत एकदाही चूक झाली नाही. तुम्ही गेलात तर हे पहिल्या दिवसापासून करा, विमानतळावर पैसे बदलताच.

पैसे बदलण्याबद्दल. डॉलर इथूनच नेले, करकरीत, घडी न पडलेले. तिथे मळकी किंवा टाचणीची भोकं असलेली नोट परत करतात. प्रवासाला निघताना माणशी तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येते, आम्हाला त्याच्या जवळपासही लागली नाही. थोडे डॉलर हनोईच्या नोई बाई विमानतळावर बदलले, बाकीचे शहरात बँकेत. हनोईच्या जुन्या भागात हा त्रुंग रस्त्यावर सोन्याची दुकानं आहेत, तिथे दर चांगला मिळतो असं प्रत्येकजण सांगतो. मिळतही असेल. पण परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणं तिथे बेकायदा आहे. २०१८ मध्ये कान थो शहरात एका माणसाला सोन्याच्या दुकानात फक्त १०० डॉलर बदलल्याबद्दल ९ कोटी डोंग दंड ठोठावला होता, त्यावर बरीच ओरड झाली. बाबांसारखा बँकेचा माणूस बरोबर असताना दोन-तीनशे रुपयांसाठी तिथे जायचा प्रश्नच नव्हता.

कार्डांचं असं की आमच्या फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून नेतात त्या कार्डावर, डोंग भरताच येत नव्हते. डॉलर भरले की खर्च करताना डॉलरचे डोंग होताना आकार लागतो. साध्या क्रेडिट कार्डांवर बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि वर जीएसटी लावतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा, बंद असतो. आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, इंटरनेट मात्र तिथल्या सिमवर किंवा ई-सिमवर.

तिसरी नोंद माझ्या नावावर. होई आनला शिंप्यांची दुकानं रांगेनं आहेत, एका दिवसात कोट शिवून देतात. तीस लाख डोंगचं बिल, म्हणजे दहा हजार रुपये. मी कार्ड दिलं. मशीनवर प्रश्न आला, रुपयांत की डोंगमध्ये? रुपये दिसल्यावर बरं वाटलं, मी तेच दाबलं. इथेच फसगत. रुपयांत घेतलं की दर ते मशीनवाले ठरवतात, तुमची बँक नाही. नंतर ताडून पाहिलं तर साडेपाचशे रुपये जास्त गेले होते. जगात कुठेही असा प्रश्न आला की त्या देशाचं चलन निवडायचं. एटीएमवरही हाच प्रश्न ‘गॅरंटीड रेट’ वगैरे गोड शब्दांत येतो, तिथे नकाराचं बटण दाबा, व्यवहार रद्द होत नाही. एटीएम शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं आणि शाखा उघडी असताना. कार्ड आत अडकलं तर दार ठोठावायला कोणी तरी हवं.

चौथी नोंद आईची, पाचशे रुपये. हनोईत खांद्यावर कावड घेऊन फळं विकणाऱ्या बायका असतात. त्यातल्या एकीनं प्रेमानं आपली टोपी आईच्या डोक्यावर ठेवली, कावड खांद्यावर दिली, फोटो काढा म्हणाली. फोटो झाल्यावर अननसाच्या फोडींच्या दोन पिशव्या आणि दीड लाख डोंग. आई म्हणते, “अननस गोड होता आणि तिचे पाय दुखत असतील, गेले तर गेले.” बाबांनी तरी लाल शाईनं लिहिलं. तुम्हाला नको असेल तर कावडीला हातच लावू नका. बूट पुसणाऱ्यांचंही तसंच. ते वाकून बुटाला डिंक लावायला लागले की पाय मागे घ्या, दुरुस्ती झाल्यावर भाव कळतो.

बुडीत पान इथे संपतं. पण दोन गोष्टी अशा की ज्या थोडक्यात हुकल्या.

नवऱ्याला स्कूटर भाड्यानं घेऊन हाय वान घाटात जायचं होतं. सांगलीच्या आरटीओतून त्यानं आंतरराष्ट्रीय परवानाही काढला होता. दुकानदार काहीच विचारत नाही, पासपोर्ट ठेवा आणि जा म्हणतो. गोम अशी की भारतात मिळतो तो परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना करारातला. म्हणजे आपला कागद तिथे चालत नाही. पोलिसांनी अडवलं तर दंड, तो एक वेळ परवडेल. पण अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो, कारण गाडी विनापरवाना चालवली असं होतं. आम्ही ड्रायव्हरसकट दुचाक्या घेतल्या. नवरा मागे बसून अर्धा दिवस फुरंगटला होता, घाटमाथ्यावर समुद्र दिसल्यावर विसरला. आणि पासपोर्ट तारण म्हणून कुणालाच ठेवू देऊ नका. हॉटेलवाले पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते म्हणून मागतात, ते रास्त आहे, नोंद झाली की परत घ्या. तो हरवला तर पोलिसांचा दाखला, मग हनोईचा आपला दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतला वाणिज्य दूतावास यांच्याकडून आणीबाणीचं प्रमाणपत्र, आणि त्यावर व्हिएतनाममधून बाहेर पडायचा वेगळा व्हिसा. एवढ्यात विमान निघून जातं.

दुसरी गोष्ट हो ची मिन्ह सिटीतली. फुटपाथच्या कडेला उभं राहून मी मोबाइलवर ग्रॅबची, म्हणजे तिथल्या ओला-उबरसारख्या ॲपची, गाडी शोधत होते. माझ्यापासून चार पावलांवर एक गोरी बाई अगदी तेच करत होती. मोटारसायकल आली, मागच्यानं हात लांबवला, तिचा फोन गेला. आवाजसुद्धा झाला नाही. तेव्हापासून फोन बघायचा तो दुकानाच्या आत जाऊन किंवा भिंतीकडे तोंड करून, आणि पर्सचा पट्टा छातीवरून तिरका, पर्स रस्त्याच्या उलट्या बाजूला. ग्रॅब मात्र वापराच. भाडं आधी दिसतं, वाद नाही. हिरवं जाकीट घालून ‘ग्रॅब, ग्रॅब’ म्हणत जवळ येणारा तुमचा ड्रायव्हर असेलच असं नाही, नंबरप्लेट जुळवा. पोलिसांना ११३, रुग्णवाहिकेला ११५.

रस्ता ओलांडायची भीती मात्र सांगलीकरांना घालू नका. एकसारख्या चालीनं चालत राहायचं, मध्येच थबकायचं किंवा मागे फिरायचं नाही, स्कूटरी आपोआप दोन्ही बाजूंनी जातात. शाकाहारींनी एक शब्द पाठ करावा, ‘चाय’. त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी. आईनं पहिल्या सकाळी चहा मागितला आणि बिनमांसाचं सूप आलं.

उरलेले डोंग तिथेच बदलून या, आपल्याकडे ते घेणारं सहज सापडत नाही. आम्ही तान सोन न्यात विमानतळावर सगळे बदलले, एक वीस हजाराची नोट सोडून. तिच्या मागे होई आनच्या जपानी पुलाचं चित्र आहे. २०२४ मध्ये डागडुजी होऊन उघडलेल्या त्या पुलासमोर बाबांनी ती नोट धरून फोटो काढून घेतला होता. आता वहीच्या उजव्या पानाला त्यांनी ती टाचणीनं लावलीय, आणि खाली लिहिलंय: निळी, पण लहान.