तिसऱ्या ‘नेव्हर’नंतर

मी इंग्लंडमध्ये नाटकांच्या कॅप्शन्सचं काम करते. रंगमंचाच्या कडेला एलईडीचा फलक असतो. ज्यांना ऐकू येत नाही ते प्रेक्षक त्यावर संवाद वाचतात. हे सगळं आपोआप होतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. संहिता आधी तुकड्यातुकड्यांत तोडावी लागते, आणि नटाच्या तोंडून शब्द निघतो त्याच क्षणी मी बटण दाबून तो तुकडा सोडते. घाई झाली तर फलकावर मरण आधी कळतं आणि रंगमंचावर नंतर होतं. उशीर झाला तर सगळं नाट्यगृह हसून गेल्यावर माझा प्रेक्षक एकटा हसतो.

गेल्या हिवाळ्यात शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ होतं. या नाटकाची एकच अशी संहिता नाही. १६०८ची क्वार्टो आणि १६२३ची फोलिओ या दोन जुन्या छापील प्रतींत शेकडो ओळींचा फरक आहे. दिग्दर्शक दोन्हींतून घेतात, काटतात, आणि पक्की प्रत कॅप्शनवालीला सगळ्यांत शेवटी मिळते. मला आदल्या दिवशी मिळाली. तालमीत एकेका शब्दावर तासभर बोलणाऱ्या माणसांना हेच शब्द वाचायला येणारा प्रेक्षक इतक्या उशिरा आठवतो, याचा मला राग येतो.

माझा जीव शेवटच्या प्रवेशात अडकला होता. मेलेल्या मुलीला, कॉर्डेलियाला, लिअर म्हणतो, तू आता यायची नाहीस, आणि पुढे एकच शब्द: नेव्हर. क्वार्टोत तीनदा, फोलिओत पाचदा. आपल्या ‘कधीच नाही’त नकार शेवटी येतो. नेव्हरमध्ये तो पहिल्याच अक्षराला आदळतो. हा शेवट लोकांना इतका सोसवेना की १६८१मध्ये नाहम टेटने कॉर्डेलियाला जिवंत ठेवून नाटक नव्याने लिहिलं, आणि सुमारे दीडशे वर्षं तेच चाललं.

आमच्या प्रतीत पाच होते. पाचही एकदम फलकावर दिसू नयेत म्हणून मी पाच तुकडे केले.

त्या रात्री लिअर तीनदा म्हणाला आणि थांबला. माझं बोट बटणावर. मी बाल्कनीच्या मागच्या टोकाला, समोर छोटा मॉनिटर, त्यात त्याचा चेहरा नखाएवढा. कानात काहीच नाही. मग त्याने पुढची ओळ म्हटली, गुंडी सोडायला सांगणारी. मी उरलेले दोन तुकडे गाळून पुढे गेले. जे ऐकू येतं तेच लिहायचं, हा आमचा नियम, आणि त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला.

प्रयोगानंतर एक वयस्कर बाई भेटल्या. जन्मापासून बहिऱ्या. नेहमी फलकाच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत बसतात.

“तुम्ही तीनच लिहिलेत,” त्या म्हणाल्या. “तो पाच वेळा म्हणाला.”

मी सांगितलं, तीनच ऐकू आले.

“मी पाहिले ना,” त्या म्हणाल्या, आणि आवाज न काढता ओठांनी ते दोन शब्द करून दाखवले. सावकाश. दुसरा तर अर्धवट राहिला.

नटाला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो गोंधळला. “पाचच म्हटले की!” त्याच्या मते आवाज गेलाच नव्हता.

म्हणजे भरलेल्या नाट्यगृहात ते दोन नेव्हर ज्यांच्यापर्यंत पोचले असं मला नक्की माहीत आहे, अशी एकच व्यक्ती, आणि तिच्यासाठीच्या फलकावर ते मी लिहिले नाहीत. चुकलं असं म्हणवत नाही. बरोबर होतं असंही म्हणवत नाही. कॅप्शनचा प्रयोग त्या नाटकाचा एकच होता, त्यामुळे पुन्हा करून पाहता आलं नाही.

आता तेच नाटक दौऱ्यावर निघतंय. दुसऱ्या शहरात कॅप्शन्स माझी मैत्रीण करणार आहे, आणि तिला शुक्रवारी फाइल द्यायची आहे. चौथा आणि पाचवा तुकडा मी ठेवलाय. त्यांच्या आधी कंसात ‘आवाज नाही’ असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिला फोन करून म्हटलं, मॉनिटर मोठा मागून घे आणि त्याच्या ओठांकडे बघ.