पॅनेल मंद करायचंय? आधी ड्रायव्हरचं लेबल वाचा

बेळगावात आता टिळकवाडी काय नि वडगाव काय, नवं घर म्हटलं की पीओपीचं छत आणि त्यात एलईडी पॅनेल ठरलेलंच. वास्तुशांत होते, पाहुणे जातात, आणि मग आम्हा वायरमन लोकांना फोन येतो: उजेड डोळ्यांवर येतोय, कमी करून द्या.

शहापुरातल्या एका काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बेडरूममधली १५ वॅटची चार पॅनेलं त्यांना सहन होईनात. म्हणाल्या, "दादा, पंख्याचा जुना रेग्युलेटर पडलाय की घरात. तोच लाव."

"काकू, रेग्युलेटरनं काम होणार नाही. वरचे ड्रायव्हर बदलायला पाहिजेत."

ही गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो, म्हणून सविस्तर लिहितो. पॅनेलच्या मागं वायरला लोंबणारी पांढरी डबी म्हणजे ड्रायव्हर. तिच्यावर इनपुट १०० ते २७० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. संध्याकाळी खेड्यात व्होल्टेज कितीही पडलं तरी एलईडीला ठरलेला करंट द्यायचा, हेच तिचं काम. तुम्ही खालून रेग्युलेटर फिरवून व्होल्टेज कमी करता आणि ड्रायव्हर वरून ते भरून काढायला बघतो. उजेड एक तर तेवढाच राहतो, नाहीतर लुकलुकायला लागतो. बल्बच्या काळातला डिमर लावला तर आणखी वाईट. तो विजेच्या प्रत्येक लहरीचा सुरुवातीचा तुकडा कापतो, त्यामुळं साध्या ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, सेकंदाला १०० वेळा करंटचा झटका बसतो. डबी गुणगुणते, तापते आणि लवकर जाते. शिवाय तो डिमर मोठ्या लोडसाठी बनवलेला. चार पॅनेलांच्या ६० वॅटवर तो धड चालू राहीलच असं नाही.

म्हणून ड्रायव्हरच डिमिंगचा घ्यायचा. त्यात फेज-कट, म्हणजे लहरीचा तुकडा कापणाऱ्या डिमरवर चालणारा, हा एक प्रकार. छतापर्यंत गेलेल्या त्याच दोन वायरींवर चालतो, फक्त बोर्डात डिमर त्याला जुळणारा हवा. शक्यतो लहरीचा शेवट कापणारा, म्हणजे ट्रेलिंग एज. दुसरा ०-१० व्होल्टचा. उजेड फार छान सरकतो, पण डिमरचा इशारा ड्रायव्हरपर्यंत न्यायला बोर्डापासून छतापर्यंत आणखी दोन वेगळ्या वायरी लागतात. छत बंद झाल्यावर त्या कुठून ओढणार? घर बांधतानाच रिकामा पाइप टाकून ठेवा, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. तिसरा प्रकार म्हणजे बटण बंद-चालू केलं की पायरीपायरीनं कमी होणारा. स्वस्त आणि सोपा, पण लाइट क्षणभर गेली-आली तर काही ड्रायव्हर आपोआप पायरी बदलतात. खानापूरकडच्या गावांत मी तो सुचवत नाही. आणि घरात स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गोलाईऐवजी चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर असेल तर फेज-कट डिमर त्यावर नीट चालत नाही, हे आधीच विचारून घ्या.

घेताना वॅट बघून भागत नाही. जुन्या डबीवरचं आउटपुट वाचा. समजा ३०० मिलिअँपिअर आणि ३६ ते ६० व्होल्ट आहे. नव्याचा करंट तेवढाच किंवा त्याहून कमी हवा, आणि पॅनेलला लागणारं व्होल्टेज त्याच्या पट्ट्यात बसायला हवं. करंट जास्त झाला तर एलईडी जळतात. उजेड कायमचाच कमी हवा असेल तर डिमर लागतच नाही. कमी करंटचा ड्रायव्हर लावला की झालं. पॅनेलही गार राहतं, जास्त टिकतं. काकूंच्या पलंगावरच्या दोन पॅनेलांना मी तेच केलं, बाकी दोन फेज-कटवर घेतली.

एलईडी मंद केला म्हणून बल्बसारखा पिवळा होत नाही. बेडरूमला पिवळसर उजेड हवा असेल तर पॅनेलच ३००० केल्व्हिनचं (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) घ्या.

स्वतः बदलणार असाल तर बटणावर विसंबू नका, मेन बंद करा. पुष्कळ स्वस्त ड्रायव्हर आयसोलेटेड, म्हणजे पॅनेलची बाजू मेन लाइनपासून तोडलेले, नसतात; त्यांच्या पॅनेलकडच्या वायरीलाही शॉक बसतो. आधी पॅनेल ड्रायव्हरला जोडा आणि मग मेन चालू करा. चालू ड्रायव्हरला मागाहून पॅनेल जोडलं तर चढलेल्या व्होल्टेजनं एलईडी जाऊ शकतात. खरेदीच्या वेळी दुकानातच अगदी मंद करून दाखवायला सांगा आणि मोबाईलचा कॅमेरा समोर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय; तो ड्रायव्हर परत द्या, दुसरा मागा.